जँगो अपग्रेड करताय? आधी मॉडेल इनहेरिटन्स तपासून घ्या



सध्या जँगोवर काम करणाऱ्या बहुतेक टीममध्ये एकच विषय चालू आहे, तो म्हणजे अपग्रेड. जँगो ४.२ ही एप्रिल २०२३ मध्ये आलेली दीर्घकालीन सपोर्टची आवृत्ती. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात त्या एप्रिल २०२६ पर्यंतच. पुढचा मुक्काम आहे ५.२, जी एप्रिल २०२५ मध्ये आली आणि एप्रिल २०२८ पर्यंत चालेल. डिसेंबर २०२५ मध्ये ६.० सुद्धा आली आहे, पण तिला पायथन ३.१२ किंवा त्याच्या पुढचंच लागतं. त्यामुळे छोट्या कंपन्या, फ्रीलान्सर, कॉलेजच्या प्रोजेक्टचं उत्पादन झालेले स्टार्टअप, सगळेच जुन्या फाइली उघडून बसलेत.

जुनी मॉडेल्सची फाइल उघडली की सगळ्यात वर एक ओळ हमखास दिसते. "क्लास भाडेकरू" आणि पुढे कंसात "व्यक्ती". म्हणजे भाडेकरू हे मॉडेल व्यक्ती या मॉडेलपासून वारसा घेतं. वाचायला किती सोपं! भाडेकरू ही व्यक्तीच असते, मग चूक काय त्यात?

चूक त्या ओळीत नसते. ती ओळ डेटाबेसमध्ये काय करते हे न बघण्यात असते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, हात पोळून सांगतोय. आज त्याबद्दलच बोलू.

चोवीस पावत्या गेल्या कुठं?

मी आणि माझे दोन सहकारी मिळून हाउसिंग सोसायट्यांसाठी मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर चालवतो. सुरुवातीला आम्ही "व्यक्ती" हे एक मॉडेल केलं. त्यात नाव, मोबाइल, ईमेल, ओळखपत्राची प्रत. त्याच्याखाली तीन मॉडेल्स: सभासद, भाडेकरू, कर्मचारी. तिघंही व्यक्तीपासून वारसा घेणारी. पावतीचं मॉडेल वेगळं, आणि "पैसे कोणी भरले" हे दाखवायला पावतीतून व्यक्तीकडे एक फॉरेन की.

एका सोसायटीत एक भाडेकरू दोन वर्षं राहिला. घरमालकाशी ठरल्याप्रमाणे तो मेंटेनन्स थेट सोसायटीकडे भरायचा, दरमहा एक पावती. तो जागा सोडून गेला तेव्हा ऑफिसातल्या माणसानं आमच्या स्क्रीनवरून "भाडेकरू काढून टाका" हे बटण दाबलं. काम झालं.

ऑडिटच्या वेळी खजिनदार काकांचा फोन आला. "अहो, बँकेत पैसे दिसतायत आणि तुमच्या वहीत पावत्याच नाहीत. चोवीस पावत्या गेल्या कुठं? सभेत लोक मला विचारणार, तुम्हाला नाही."

त्यांचं बरोबर होतं. सॉफ्टवेअर आमचं, पण संशय त्यांच्यावर येणार होता. जुन्या बॅकअपमधून आम्ही पावत्या परत आणल्या, पण नेमकं काय झालं ते शोधायला दीड दिवस गेला.

झालं होतं असं. जँगोमध्ये अशा वारशाच्या मॉडेलची नोंद डिलीट केली की तिच्या पालक टेबलातली ओळही डिलीट होते. भाडेकरू गेला, त्याबरोबर व्यक्ती गेली. व्यक्तीला जोडलेल्या पावत्यांवर आम्हीच "कॅस्केड" लिहून ठेवलं होतं, म्हणून पावत्याही गेल्या. जँगोनं सांगितलं तेच केलं, त्याला दोष देता येत नाही. जँगोच्या तयार ॲडमिनमधून डिलीट केलं असतं तर "याबरोबर या या नोंदीही जातील" अशी यादी आधी दिसली असती. आम्ही स्वतःची सुंदर स्क्रीन बनवली होती, त्यात ती यादी नव्हती.

एक शब्द, तीन वेगळे अर्थ

गोंधळाचं मूळ हे आहे की जँगोमध्ये "मॉडेल इनहेरिटन्स" या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पायथनच्या बाजूनं तिन्ही जवळपास सारख्याच दिसतात. डेटाबेसच्या बाजूनं मात्र त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

*पहिला प्रकार: ॲब्स्ट्रॅक्ट.* पालक मॉडेलच्या मेटामध्ये "ॲब्स्ट्रॅक्ट = ट्रू" लिहायचं. मग पालकाचं टेबल तयारच होत नाही. त्याचे सगळे रकाने प्रत्येक मुलाच्या टेबलात उतरतात. हा एक प्रकारचा छापील फॉर्म समजा. फॉर्म एकच, पण भरलेला कागद प्रत्येकाचा स्वतंत्र. "तयार केल्याची तारीख", "शेवटचा बदल" असे रकाने सगळीकडे हवे असतात, तिथे हा प्रकार उत्तम.

याची मर्यादाही समजून घ्या. पालकाचं टेबलच नसल्यामुळे त्याच्याकडे फॉरेन की देता येत नाही, आणि "सगळ्या प्रकारच्या लोकांची एक यादी द्या" अशी सरळ क्वेरीही करता येत नाही. एकच मोबाइल नंबर सभासद आणि कर्मचारी दोघांच्या टेबलात आला तर डेटाबेस तुम्हाला अडवणार नाही. आणि पालकात एक रकाना वाढवला की त्याच्या प्रत्येक मुलाच्या टेबलात मायग्रेशन चालतं. वीस मुलं असतील तर वीस टेबलं बदलतील.

*दुसरा प्रकार: मल्टी-टेबल.* पालक ॲब्स्ट्रॅक्ट नसेल आणि तुम्ही दुसरं काहीच लिहिलं नाही, तर हा प्रकार आपोआप लागू होतो. पालकाचं एक टेबल, मुलाचं दुसरं. मुलाच्या टेबलात एक पॉइंटर रकाना तयार होतो. तोच मुलाची प्रायमरी की आणि तोच पालकाकडे जाणारा वन-टू-वन दुवा. आमचं जे झालं ते याच प्रकारात.

*तिसरा प्रकार: प्रॉक्सी.* "प्रॉक्सी = ट्रू" लिहिलं की नवीन टेबल नाही, नवीन रकाना नाही. टेबल तेच, फक्त त्याच्याकडे बघण्याची पद्धत वेगळी. "थकबाकीदार सभासद" असं प्रॉक्सी मॉडेल करून त्याला वेगळा मॅनेजर आणि ॲडमिनमध्ये वेगळं पान देता येतं. डेटा जागचा हलत नाही. तिघांमधला सगळ्यात निरुपद्रवी आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा प्रकार हाच, असा माझा अनुभव आहे.

आता मुद्दा लक्षात घ्या. या तिघांपैकी सगळ्यात महाग प्रकार कोणता? मल्टी-टेबल. आणि काहीही न लिहिता मिळणारा प्रकार कोणता? तोही मल्टी-टेबलच. नवीन माणूस नेमका इथेच अडकतो.

हे आजचं नाही

जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात झाला, आणि जुलै २००५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. सप्टेंबर २००८ मध्ये १.० आली, तेव्हा ॲब्स्ट्रॅक्ट आणि मल्टी-टेबल हे दोन्ही प्रकार त्यात होते. माल्कम ट्रेडिनिक या ऑस्ट्रेलियन डेव्हलपरनं क्वेरीची सगळी यंत्रणा नव्यानं लिहिली, त्यातून हे शक्य झालं. प्रॉक्सी २००९ मध्ये १.१ बरोबर आलं.

त्याही आधी, २००२ मध्ये, मार्टिन फाउलर यांनी आपल्या एंटरप्राइझ पॅटर्नच्या पुस्तकात वारसा टेबलात उतरवण्याच्या तीन पद्धती मांडल्या होत्या: सगळं एकाच टेबलात, प्रत्येक क्लासला एक टेबल, किंवा फक्त शेवटच्या क्लासना टेबल. जँगोचं मल्टी-टेबल ही त्यातली दुसरी पद्धत, ॲब्स्ट्रॅक्ट ही साधारण तिसरी. पहिली पद्धत रुबी ऑन रेल्समध्ये लोकप्रिय आहे. तिथे एकच टेबल असतं आणि "टाइप" नावाच्या रकान्यात प्रकार लिहिलेला असतो. पण त्याचाही त्रास होतोच. अर्धे रकाने कायम रिकामे राहतात. म्हणूनच रेल्सनं ६.१ मध्ये "डेलिगेटेड टाइप्स" नावाचा वेगळा मार्ग आणला.

सांगायचं काय, तर हा प्रश्न जँगोचा एकट्याचा नाही. ऑब्जेक्टच्या जगात वारसा असतो, टेबलांच्या जगात तो नसतो. मधला पूल कोणीही बांधला तरी टोल द्यावा लागतोच.

मल्टी-टेबलचा टोल कुठे कुठे भरावा लागतो?

पावत्यांचा किस्सा झाल्यावर आम्ही बसून यादी केली. ती इथे देतो, तुमच्या उपयोगी पडेल.

१. प्रत्येक क्वेरीत जॉइन. भाडेकरूंची साधी यादी मागितली तरी दोन टेबलं जोडावी लागतात. शंभर ओळींना काही जाणवत नाही. लाखो ओळी आणि दोन-तीन पातळ्यांचा वारसा असेल तर जाणवतं.

२. पालकाकडून मुलाकडे जाणं अवघड. "सगळ्या व्यक्ती" मागितल्या की फक्त व्यक्तीच मिळतात. कोण भाडेकरू आणि कोण सभासद हे एकेकाला विचारावं लागतं. पाचशे जणांची यादी असेल तर पाचशे जादा क्वेरी सहज होतात. "सिलेक्ट रिलेटेड" वापरून त्या वाचवता येतात, पण ते आठवणीनं लिहावं लागतं.

३. एकगठ्ठा नोंदी करता येत नाहीत. "बल्क क्रिएट" ही सोय मल्टी-टेबलच्या मुलांसाठी चालत नाही. एक्सेल शीटमधून ८०० सभासद भरायचे असतील तर एकेक सेव्ह करत बसा.

४. डिलीट. हे वर सांगितलंच. एकट्या ऑब्जेक्टवर डिलीट करताना "कीप पेरेंट्स" असा पर्याय देता येतो, त्यानं पालक शिल्लक राहतो. पण क्वेरीसेटच्या डिलीटला तो पर्याय नाही. म्हणजे यादीतून दहा जण निवडून एकदम काढलेत, तर दहाही पालक गेले.

५. प्रकार बदलणं. आमच्याकडे एका भाडेकरूनं त्याच सोसायटीत फ्लॅट घेतला. आता तो सभासद झाला. जुन्याच व्यक्तीला पॉइंटर देऊन सभासदाची नवीन नोंद सेव्ह केली, तर व्यक्तीचं नाव आणि मोबाइल रिकामे होऊन बसले! कारण नवीन ऑब्जेक्टमध्ये ते रकाने भरलेले नव्हते आणि सेव्ह करताना पालकाच्या टेबलातही लिहिलं जातं.

६. परतीचा रस्ता. उद्या तुम्ही ठरवलंत की कंसातला पालक बदलायचा, तर मायग्रेशन बनवणारी कमांड तो बदल ओळखत नाही. सगळं हातानं लिहावं लागतं.

जँगोच्या जुन्या प्रमुखांपैकी एक असलेले जेकब कॅप्लन-मॉस यांनीही मल्टी-टेबलबद्दल फार पूर्वीच सावध केलं होतं. शिवाय जँगो स्वतः काय करतं ते बघा. लॉगिनसाठी आपण जे "ॲब्स्ट्रॅक्ट यूजर" वापरतो, ते नावाप्रमाणे ॲब्स्ट्रॅक्टच आहे.

मग मल्टी-टेबल वापरूच नये का?

असं नाही. वॅगटेल हे जँगोवरचं प्रसिद्ध सीएमएस बघा. त्यात "पेज" हे पालक मॉडेल आहे आणि ब्लॉगचं पान, बातमीचं पान, मुख्यपान ही सगळी त्याची मल्टी-टेबल मुलं. तिथे ते शोभतं. कारण सगळ्या पानांचं मिळून एकच झाड असतं. कोणत्याही पानाखाली कोणतंही पान येऊ शकतं, मेनूमधली लिंक कोणत्याही पानाला जाऊ शकते. पालकाचं एकच टेबल असणं ही तिथली खरी गरज आहे. मुलापर्यंत पोचण्यासाठी त्यांनी "स्पेसिफिक" नावाची सोयही दिली आहे.

आणखी एक फरक आहे. ब्लॉगचं पान उद्या उठून मुख्यपान होत नाही. भाडेकरू मात्र उद्या सभासद होऊ शकतो, परवा घर विकून जाऊ शकतो. मला यातून एक साधी कसोटी मिळाली. जी गोष्ट जन्मभर तशीच राहते तिच्यासाठी वारसा चालेल. जी काही काळापुरती असते ती भूमिका आहे, आणि भूमिकेला वेगळं टेबल द्यावं.

आत्ताच हे का तपासायचं?

तीन कारणं आहेत.

पहिलं, अपग्रेड. ५.२ वर गेल्यानं तुमचा वारसा मोडणार नाही, घाबरू नका. पण ६.० मध्ये आपोआप तयार होणाऱ्या प्रायमरी कीचा ठरलेला प्रकार "बिग ऑटो फील्ड" झाला आहे. ३.२ पासून जँगो याबद्दल इशारा देत होतं. ज्यांनी सेटिंगमध्ये काहीच न लिहिता तो इशारा दुर्लक्षित केला, त्यांना आता आयडी बदलणारी मायग्रेशन्स दिसतील. पालकाचा आयडी बदलला की मुलांचे पॉइंटर रकाने आणि पालकाला जोडलेल्या सगळ्या फॉरेन की बदलाव्या लागतात. आधी चाचणीच्या डेटाबेसवर करून बघा, किंवा सेटिंगमध्ये जुना प्रकार स्पष्ट लिहून ठेवा.

दुसरं, एआय. हल्ली मॉडेलची फाइल बरेच जण कोड लिहिणाऱ्या टूलकडूनच लिहून घेतात, मीही घेतो. मी अशा एका टूलला "सोसायटीत सभासद, भाडेकरू आणि कर्मचारी असतात" एवढंच सांगून बघितलं. त्यानं आमचीच जुनी चूक स्वच्छ कोडमध्ये परत लिहून दिली. भाडेकरू उद्या सभासद होऊ शकतो का, हे त्यानं विचारलं नाही. ते विचारायचं काम आपलं आहे.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होत आहेत. आपली माहिती पुसून टाका असं सांगण्याचा हक्क या कायद्यात माणसाला आहे. पण दुसऱ्या एखाद्या कायद्यासाठी जी माहिती ठेवणं भाग आहे, ती ठेवता येते.

आता आमच्या भाडेकरूचा विचार करा. त्यानं सांगितलं, "मी आता तिथे राहत नाही, माझा मोबाइल नंबर आणि ओळखपत्राची प्रत काढून टाका." ते काढायलाच हवं. पण त्यानं भरलेल्या पैशांच्या पावत्या सोसायटीच्या हिशेबाचा भाग आहेत, त्या राहायलाच हव्यात. आमच्या जुन्या रचनेत हे शक्यच नव्हतं. माणूस पुसला की हिशेब पुसला, आणि हिशेब वाचवायचा तर माणसाची सगळी माहिती ठेवावी लागत होती.

म्हणजे कोणाची माहिती कुठल्या टेबलात राहते आणि कशाबरोबर जाते, हे त्या कंसातल्या एका शब्दानं ठरलं होतं. टायपिंग वाचवायला लिहिलेल्या शब्दानं!

आम्ही काय बदललं?

"व्यक्ती" हे मॉडेल तसंच ठेवलं. तिन्ही मुलं काढली. त्याऐवजी "वास्तव्य" नावाचं टेबल केलं. त्यात व्यक्ती, फ्लॅट, भूमिका, कधीपासून, कधीपर्यंत. भाडेकरू जागा सोडून गेला की "कधीपर्यंत"मध्ये तारीख भरायची, डिलीट काहीच करायचं नाही. कर्मचाऱ्याला फ्लॅट नसतो, म्हणून तो रकाना रिकामा चालतो. त्याच्या पगाराचे तपशील वेगळ्या टेबलात, वन-टू-वन दुव्यानं.

पावतीवरचं "कॅस्केड" काढून "प्रोटेक्ट" केलं. आता पावती असलेली व्यक्ती कोणी डिलीट करायला गेलं तर जँगोच अडवतं. माहिती पुसायची विनंती आली तर व्यक्तीच्या ओळीतले मोबाइल, ईमेल, ओळखपत्र हे रकाने रिकामे करतो. ओळ राहते, पावती राहते, आणि पैसे भरणाऱ्याचं नाव पावतीवरच छापून ठेवलेलं असतं.

तारखांचे रकाने मात्र अजूनही एका ॲब्स्ट्रॅक्ट पालकाकडून येतात, आणि "सध्याचे भाडेकरू" हे आता प्रॉक्सी आहे. वारसा आम्ही सोडला नाही, जिथे तो शोभतो तिथे ठेवला.

बदल करताना एक गोष्ट पथ्यावर पडली. पावत्या पालकाला, म्हणजे व्यक्तीला जोडलेल्या होत्या, आणि व्यक्तीचे आयडी बदलले नाहीत. त्यामुळे पावत्यांना हात लावावा लागला नाही. नवीन टेबल तयार केलं, डेटा मायग्रेशननं जुन्या मुलांमधली माहिती त्यात आणली, दोन महिने दोन्ही टेबलं शेजारी ठेवली, आकडे जुळतात हे पाहिलं आणि मगच जुनी टेबलं काढली.

अपग्रेड आणि ही दुरुस्ती एकाच दिवशी करू नका. आधी ४.२ वरून ५.२ वर जा, टेस्ट हिरव्या होऊ द्या, थोडे दिवस चालू द्या. मग मॉडेलला हात घाला. नाहीतर काही बिघडलं तर नेमकं कशानं ते कळणार नाही.

आज संध्याकाळी एवढं करा

तुमची मॉडेल्सची फाइल उघडा. ज्या ज्या मॉडेलच्या कंसात तुमचंच दुसरं मॉडेल आहे, ती नावं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे तो ॲब्स्ट्रॅक्ट आहे, प्रॉक्सी आहे की मल्टी-टेबल ते लिहा. जिथे मल्टी-टेबल निघेल तिथे दोनच प्रश्न विचारा: ही नोंद उद्या दुसऱ्या प्रकारची होऊ शकते का? आणि ही डिलीट केली तर तिच्याबरोबर आणखी काय जाईल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अंदाजानं देऊ नका. चाचणीच्या डेटाबेसवर एक नोंद खरंच डिलीट करून बघा. डिलीट केल्यावर जँगो कोणत्या मॉडेलच्या किती नोंदी गेल्या याचा हिशेब परत देतं, तो वाचा. आमच्याकडे त्यात "पावती: २४" असं आलं असतं. आम्ही तो आकडा वाचायची तसदी घेतली नव्हती, आणि तो शेवटी खजिनदार काकांना वाचावा लागला.